चिपीचं वेळापत्रक

तारकर्लीला माझ्या मामांच्या घराच्या पडवीत एक काळा फळा टांगलेला आहे. मामेभावाच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, चार खोल्यांची निवास-न्याहारी सुरू केली तेव्हा तो आणला. कोण येणार, किती जण, कशाने, कुडाळला किती वाजता उतरणार, सकाळी घावणे किती लागतील, माशाचं जेवण किती जणांचं, सगळं त्यावर खडूने लिहिलेलं असतं. डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा फळ्यावर तीन ओळी रेल्वेच्या होत्या, एक खासगी बसची, आणि अगदी तळाला एक ओळ अर्धवट पुसलेली: ‘मुंबई, विमान’. पुढची जागा रिकामी.

‘‘पुसून टाक गो ती ओळ,’’ अण्णा म्हणाले. ‘‘दीड महिना झाला. विमान काय येत नाय.’’

‘‘राहू दे, अण्णा,’’ वहिनी आडाळ्यावर नारळ खवता खवता म्हणाली. ‘‘पुसली की विसरायला होतं.’’

एवढ्यावरून सुरू झालेला वाद दुपारच्या जेवणापर्यंत चालला. दोघं अर्थातच मालवणीत बोलत होती. सगळ्या वाचकांना कळावं म्हणून मी ते बोलणं इथे साध्या मराठीत लिहितो आहे. अण्णा माझे मामा, मालवण आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. वहिनीचं माहेर वेंगुर्ल्याचं. तिचा सगळा धंदा येणाऱ्या माणसावर. विमानतळावर या दोघांचं जमत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

विमानतळ म्हणजे चिपीचा, सिंधुदुर्ग विमानतळ. तारकर्लीहून सरळ रेघ मारली तर जवळच, पण मध्ये कर्लीची खाडी, त्यामुळे रस्त्याने वळसा घालून जावं लागतं. वेंगुर्ला तालुक्यात परुळ्याजवळच्या जांभ्याच्या सड्यावर अडीच किलोमीटर लांबीची धावपट्टी आहे. एमआयडीसीने जमीन घेतली, २००९ मध्ये खासगी कंपनीशी करार झाला, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, ‘बांधा आणि चालवा’ या तत्त्वावर. सप्टेंबर २०१८ मध्ये गणेशचतुर्थीच्या तोंडावर चाचणीचं विमान उतरलं. प्रत्यक्षात प्रवाशांचं पहिलं नियमित विमान आलं ते ९ ऑक्टोबर २०२१ ला. करारापासून बारा वर्षांनी. मुंबईहून आलेलं पंख्यांचं एटीआर, ७० आसनांचं. उद्‌घाटनाला कोण कुणाच्या शेजारी बसलं याचीच चर्चा तेव्हा जास्त झाली. नंतर २०२२ मध्ये राज्य सरकारने या विमानतळाला बॅरिस्टर नाथ पै यांचं नाव द्यायचं ठरवलं. नाथ पै वेंगुर्ल्याचे, तेव्हा वहिनीला त्याचं कौतुक होतंच. आणि ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मुंबईचं विमान थांबलं.

‘‘सत्तर माणसं,’’ अण्णा म्हणाले. ‘‘सत्तर म्हणजे आमच्या एसटीच्या दीड गाडीची माणसं. तेवढ्यासाठी अख्खा सडा सपाट केला. त्या सड्यावर पावसाळ्यात गुरं चरायची, कडेने काजू होते. तेवढ्या पैशात जिल्ह्यातले रस्ते झाले असते, आरोग्य केंद्रांत डॉक्टर टिकले असते. आजसुद्धा माणूस अत्यवस्थ झाला की आपण बांबोळीच्या इस्पितळात पळतो, गोव्यात. विमानाने पळतो काय?’’

‘‘रस्ते झाले असते हे तुम्ही कशावरून म्हणता?’’ वहिनीने आडाळ्यावरून हात न काढता विचारलं. ‘‘मुंबई-गोवा रस्त्याला किती वर्षं झाली? तिथे विमानतळाने पैसे खाल्ले होते काय? एक नाही झालं म्हणून दुसरं झालं असतं, असं सरकारात कधी होत नाही, अण्णा. दोन्ही मागायला लागतात.’’

हा मुद्दा बिनतोड होता. महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून ऐकणाऱ्या माणसाला त्यावर उत्तर नाही. अण्णांनीही ते दिलं नाही, विषय गोव्यातल्या मोपा विमानतळाकडे वळवला.

‘‘बरं, मुंबईहून विमानाने यायचंच असेल, तर मोपाला उतरा. जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं सुटतात. आपल्या हद्दीला लागून. दिवसभरात कितीतरी. कंपनीला सत्तर माणसांसाठी चिपीला यायची गरजच काय?’’

वहिनीने नारळाची कवड बाजूला ठेवली. या मुद्द्यावर तिचा अनुभव बोलत होता.

‘‘मोपाला उतरलेल्या माणसाला गोवा खेचून घेतो. तिथून माझ्याकडे यायचं तर टॅक्सीचं भाडं ऐकूनच तो गप्प होतो. चिपीला उतरलेला माणूस दुसरीकडे जाणार कुठे? तो मालवणचाच. तो रिक्षाने येतो, होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यात जातो, बाजारात खाजं आणि खडखडे लाडू घेतो, देवबागला डॉल्फिन बघायला जातो, माझ्याकडे जेवतो. मी त्याच्यासाठी सुरमई घेते ती दांड्याच्या बाईकडून. सत्तर म्हणू नका. सत्तरांतले दहा जण रोज मालवणात आले, तर किती चुली पेटतात ते मोजा.’’

आणि मग ती जे म्हणाली, ते मला या सगळ्या वादातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ‘‘रेल्वेने येणारा माणूस चार दिवसांची सुट्टी काढून येतो. दोन रात्री गाडीतच जातात. ज्याला दोनच दिवस मिळतात, ज्याची आई पंचाहत्तरीची आहे, ज्याच्या गुडघ्यांना बर्थवर चढवत नाही, तो येतच नाही. तो काय गरीब नाही, श्रीमंत नाही. त्याला वेळ नाही, एवढंच. हा माणूस विमानामुळे पहिल्यांदा यायला लागला होता.’’

हे मी स्वतः बघितलं आहे. माझे शेजारी, मूळचे मालवणचेच, गणपतीला गावी जाणं वयामुळे सोडून दिलेले. कोकण रेल्वेची गणपतीची तिकिटं आरक्षण उघडताच संपतात हे मुंबईतल्या प्रत्येक चाकरमान्याला पाठ आहे. विमान सुरू झालं आणि त्यांनी वडिलांना घेऊन जायचं ठरवलं. तिकीट अडीच हजारांच्या आसपास, कारण सरकारच्या उडान योजनेत साधारण निम्म्या आसनांचं भाडं बांधून दिलेलं असतं. प्रवास सव्वा-दीड तासाचा.

मी त्यांची गोष्ट काढली तेव्हा अण्णा वहिनीला म्हणाले, ‘‘त्यांचं काय झालं ते सांग याला.’’

सांगायची गरज नव्हती, पण अण्णांना ते सांगायचंच होतं, कारण ते स्वतः चिपीला गेले होते. सप्टेंबरचा महिना. सकाळपासून पाऊस धरलेला. विमानतळावर दहा-पंधरा माणसं घ्यायला आलेली, रिक्षा उभ्या. ‘‘आवाज आला,’’ अण्णा सांगत होते. ‘‘डोक्यावरून आला. ढगात आलं, फिरलं, पुन्हा आवाज आला. आम्ही सगळे वर बघतोय. विमान दिसलंच नाही. मग आवाज लांब लांब गेला आणि गेलाच. मुंबईला परतलं. कोणी येऊन सांगेना की आता काय. उद्या येणार की नाही, पैसे परत की दुसरी तारीख, काही नाही. शेवटी मीच त्या लोकांना म्हटलं, आता थांबू नका, घरी जा. आयुष्यभर फलाटावर तेच केलं, म्हणून तोंडातून आपोआप आलं.’’

शेजारी आणि त्यांचे वडील रात्रीच्या रेल्वेने कसेबसे आले. पोचले तेव्हा घरच्या गणपतीची पूजा होऊन गेली होती.

त्या वैमानिकाने परत फिरून योग्यच केलं, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. समुद्राकाठच्या पठारावर पावसाळ्यात ढग इतके खाली उतरतात की धावपट्टी दिसत नाही. जिथे उपकरणांच्या आधाराने उतरायची पुरेशी सोय नसते, तिथे ठरलेल्या उंचीवर धावपट्टी डोळ्यांना दिसलीच पाहिजे, नाही दिसली तर परत. तक्रार त्याची नाही. तक्रार आहे ती खाली उभ्या असलेल्या माणसांना काहीच न कळण्याची.

आणि इथे अण्णांनी त्यांचा खरा मुद्दा मांडला. तोपर्यंतचे मुद्दे ते वादासाठी मांडत होते असं मला आता वाटतं.

‘‘तुला आगबोट आठवत नसेल. मी लहानपणी बघितलीय. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत मालवणला यायची, पुढे वेंगुर्लं, पणजी. मालवणला धक्क्याला लागायची नाही, बाहेर उभी राहायची. मग पडावातून माणसं उतरवायची, बायका पोरांना पोटाशी धरून उतरायच्या, ट्रंका, पिंपं, सगळं. हाल होते. पण पावसाळ्यात बोट बंद म्हणजे बंद. ती बंद असणार हे पोराटोरांना ठाऊक असायचं. त्या हिशोबाने लोक लग्नं ठरवायचे, बाळंतीण माहेरी आणायचे. बोट नारळी पौर्णिमेनंतर सुरू होणार म्हणजे होणार. चार महिने बंद राहून सुद्धा तिच्यावर भरवसा होता. हे विमान बारा महिने चालू म्हणतात आणि एकही दिवस खात्रीचा नाही.’’

पडवीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. वहिनीसुद्धा.

‘‘एसटीत आम्ही भारमान बघायचो,’’ अण्णा पुढे म्हणाले. ‘‘गाडी किती भरते ते. वस्तीच्या गाड्या कधीच भरायच्या नाहीत. रात्री गावात जाऊन मुक्काम, सकाळी सहाला सुटणार, चार पोरं शाळेची, दोन म्हाताऱ्या बाजाराच्या. तोटा. पण ती गाडी आम्ही बंद नाही केली, कारण ती सहाला सुटते म्हणून त्या गावातली पोर कॉलेजला जात होती. आठ दिवस ती गाडी आली नाही, तर नववीतली मुलगी घरी बसते. नंतर गाडी सुरू करून उपयोग नसतो. ती मुलगी परत येत नाही.’’

‘‘मग मी दुसरं काय म्हणते, अण्णा?’’ वहिनी म्हणाली. ‘‘तोट्यातली वस्तीची गाडी चालवायची असं तुम्हीच म्हणता. विमानाला मात्र भारमान लावता.’’

अण्णा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ‘‘वस्तीच्या गाडीत गरीब बसतो,’’ एवढंच म्हणाले.

‘‘विमानात बसतो त्याच्यावर गरीब जगतो. दांड्याची बाई विमानात बसत नाही. तिची सुरमई मात्र त्या माणसाच्या पानात जाते.’’

या ठिकाणी मी माझ्या बाजूने काही माहिती घातली, कारण दोघंही चिपीबद्दल असं बोलत होती जणू हे दुखणं एकट्या चिपीचं आहे. उडान योजना २०१६ मध्ये जाहीर झाली, पहिलं विमान एप्रिल २०१७ मध्ये शिमला-दिल्ली मार्गावर उडालं. कंपनीला मार्ग मिळतो, भाडं बांधलेलं असतं आणि होणारी तूट सरकार तीन वर्षं भरून देतं. त्या तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील अशी अपेक्षा. महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये या योजनेची तपासणी केली. पहिल्या तीन टप्प्यांत दिलेले मार्ग ७७४. त्यांतले सुरू झाले ३७१. पूर्ण तीन वर्षं चालले ११२. आणि अनुदान संपल्यानंतरही, मार्च २०२३ ला, चालू होते फक्त ५४.

‘‘सातशे चौऱ्याहत्तरांत चोपन्न,’’ अण्णांनी आकडा पुन्हा उच्चारला. ‘‘आगारात एवढ्या फेऱ्या रद्द झाल्या असत्या, तर आमच्या काचा फुटल्या असत्या.’’

चिपीच्या मुंबई विमानाची तीन वर्षंही ऑक्टोबर २०२४ मध्येच भरली, आणि त्याच महिन्यात ते थांबलं. यात योगायोग मला दिसत नाही. छोट्या समुद्रकाठच्या गावाचा पर्यटनाचा हंगाम दिवाळीपासून मेपर्यंत. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद, पाण्यातले खेळ बंद. म्हणजे वर्षातले चार महिने विमान रिकामं येणार, आणि नेमके त्याच महिन्यांत ढगांमुळे फेऱ्या रद्द होणार. एखाद्या फेरीचा भरवसा उडाला की माणूस ऑक्टोबरातसुद्धा रेल्वेचंच तिकीट काढतो. मग विमान हंगामातही भरत नाही. तीन वर्षांत कुठलीही कंपनी यातून सुटणार नाही, कारण तीन वर्षांत हंगाम फक्त तीन येतात.

आपल्याकडे अनुदान मार्ग ‘सुरू करायला’ मिळतं. इतर काही देशांत ते मार्ग ‘चालू ठेवायला’ मिळतं. अमेरिकेत १९७८ मध्ये विमान कंपन्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, तेव्हाच छोट्या गावांसाठी वेगळी तरतूद केली गेली, ती आजही चालते. स्कॉटलंडच्या पश्चिमेला बॅरा नावाचं छोटं बेट आहे. तिथली धावपट्टी म्हणजे समुद्राची ओली वाळू. ग्लासगोहून येणारं एकोणीस आसनांचं विमान ओहोटीच्या वेळी त्या वाळूवर उतरतं, भरती आली की धावपट्टी पाण्याखाली. सरकार या मार्गाचा तोटा सोसतं.

‘‘भरतीला पाण्याखाली?’’ अण्णा पुढे सरकून बसले. ‘‘मग वेळ कशी ठेवतात?’’

‘‘भरती-ओहोटीप्रमाणे. वेळापत्रक आधीच छापलेलं असतं. आज दहाला, उद्या अकराला, तिथीप्रमाणे सरकतं.’’

‘‘बघ!’’ अण्णा वहिनीकडे वळले, जणू हा मुद्दा त्यांच्याच बाजूचा होता. ‘‘वेळ बदलली तरी चालते. ती आधी ठाऊक पाहिजे.’’

‘‘म्हणजे विमानतळ असू दे म्हणताय?’’

‘‘मी विमानतळ पाडा कधी म्हटलं? बांधलाय तो बांधलाय. सडा काय परत येणार नाही.’’ ते थांबले. ‘‘जून ते सप्टेंबर मुंबईचं विमान नाही, असं सांगून टाका. बाकीचे आठ महिने रोज, अमुक वाजता. किंवा आठवड्यातून तीनच दिवस, पण तेच तीन. रद्द झालं तर त्याच प्रवाशांना कुडाळहून गाडीत बसवून द्यायची जबाबदारी कुणाची ते ठरवा. आणि फलाटावर, म्हणजे तिथे, एक माणूस असा ठेवा की जो बाहेर येऊन सांगेल. बाकी तुम्हाला काय करायचं ते करा.’’

वहिनीला हे पूर्ण पटलं नाही. तिचं म्हणणं असं की पावसाळ्यात विमान सोडूनच दिलं, तर गणपतीच्या गर्दीच्या वेळी ते सापडणार नाही. कोकणात घराघरात सगळ्यांत जास्त माणसं तेव्हाच येतात. पावसाळ्यात उतरता येईल अशी साधनं बसवायची सोडून चार महिने कुलूप लावणं म्हणजे आजारी माणसाला औषध न देता झोपवून ठेवणं. मला यात तिचं बरोबर वाटतं. अडीच किलोमीटरची धावपट्टी आणि विमानतळाची भली मोठी इमारत बांधून झाल्यावर, ढगांतून आणि रात्री उतरायची सोय करायला मागेपुढे बघणं हे न परवडणारं आहे. पण अण्णांची मूळ मागणी, आधी सांगा आणि सांगितलेलं पाळा, ती त्या साधनांच्याही आधीची आहे. तिला पैसा फारसा लागत नाही.

सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ मध्ये जाहीर झाला. मालवणला रेल्वे नाही, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावायला लागली ती कुडाळवरून, तीसेक किलोमीटर आतून. आगबोट केव्हाच गेली. ज्या गावासमोर १६६४ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं आणि तीन वर्षांत पुरं केलं, त्या गावात पोचायला आजही शेवटचा टप्पा रिक्षाचा किंवा एसटीचा असतो. किल्ल्याचा पायाभरणीचा दगड, मोरयाचा धोंडा, मालवणच्या किनाऱ्यावर अजून पुजला जातो. तिथे उभं राहिलं की समोरच्या तटाकडे बघताना मला दर वेळी तेच वाटतं: भरती-ओहोटी बघून, उधाणाचे महिने सोडून, ठरवलेल्या वेळेत काम पुरं करणारी माणसं याच पाण्यात होती.

जेवायला बसायच्या आधी मी फळ्याकडे पुन्हा बघितलं. तेव्हा पुण्याहून शनिवार-रविवार चिपीला विमान येत होतं, छोटंच. त्या शनिवारी पुण्याहून चार जण येणार होते, त्यांची ओळ वहिनीने वेळेसकट लिहिली होती. अण्णा उठले, त्यांनी खडू घेतला आणि त्या ओळीपुढे रिक्षावाल्याचं नाव लिहिलं. मग तळाच्या पुसट ओळीसमोर थोडा वेळ उभे राहिले. पुसली नाही.

शनिवारी ते चौघे आले. चिपीहून घरी पोचून, पाय धुऊन, ते दुपारच्या पानावर बसले. सुरमई दांड्याचीच होती. मुंबईच्या ओळीपुढची जागा मी निघालो तेव्हाही रिकामी होती.